दरवाढीला नाही, नऊ वर्षांच्या गप्प बसण्याला माझी हरकत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मलनिःसारण आकार एकदम वाढवण्याच्या प्रस्तावाची बातमी आपल्या अंकात आली आणि पुढचे चार दिवस त्यावर वाचकांची पत्रे येत राहिली. ‘गटाराचे कसले पैसे मागता?’ असाच बहुतेकांचा सूर आहे. लोकांचा राग मला समजतो. पण मी याच खात्याच्या लेखा शाखेत सव्वीस वर्षे काढली आणि त्यातली शेवटची अकरा वर्षे दराच्या प्रस्तावाचे टिपण माझ्या टेबलावर तयार होत असे. त्या टेबलावर काय घडले ते आज सांगितले नाही, तर पुन्हा कधी सांगणार? गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. बिल मलाही येते, वाढ झाली तर माझ्याही निवृत्तिवेतनातून जाणार आहे.

‘मनाला येईल तो आकडा लावतात’ असे एकाने लिहिले आहे. तसे नसते. टिपणाची सुरुवात होते ती येत्या वर्षात ही व्यवस्था चालवायला किती पैसे लागतील, या प्रश्नाने. पंपांची वीज, माणसांचे पगार, प्रक्रिया केंद्रातली रसायने, गाळ वाहून नेण्याचा खर्च, चोकअप काढणाऱ्या जेटिंग मशिनांची देखभाल, हा झाला रोजचा खर्च. त्यानंतर कर्जाचे हप्ते. त्यानंतर घसारा, म्हणजे आज जमिनीखाली असलेली वाहिनी उद्या बदलावी लागणार म्हणून आजपासून बाजूला काढायची रक्कम. शिवाय अचानक काही फुटले तर हाताशी असावी अशी थोडी शिल्लक. या बेरजेतून अनुदान आणि नव्या जोडण्यांचे शुल्क वजा करायचे आणि उरेल ती रक्कम ग्राहकांमध्ये वाटायची. दर म्हणजे ही वाटणी.

वाटणीतच खरी मेख आहे, कारण कुणाच्याही घरातून किती सांडपाणी बाहेर पडते हे मोजले जात नाही. मोजले जाते ते आत येणारे पाणी. त्यातले साधारण ८० टक्के पाणी वाहिनीत परत येते असे धरून हिशेब करण्याची पद्धत जुनी आहे. एका सुनावणीला एक वयस्कर गृहस्थ आले होते. हातात बिलांची चळत, वर्षावार लावलेली, प्रत्येक महिन्याचा आकडा पेन्सिलीने गोल केलेला. म्हणाले, ‘‘बाई, उन्हाळ्यात माझं निम्मं पाणी झाडांना जातं. ते जमिनीत मुरतं. तुमच्या गटारात त्याचा थेंबही येत नाही. मग मी कशाचे पैसे भरतो?’’ त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत यावर एक साधा तोडगा आहे. हिवाळ्यात बागेला पाणी लागत नाही, म्हणून त्या महिन्यांचा वापर म्हणजेच घरातले सांडपाणी असे मानतात आणि वर्षभराचा आकार त्या सरासरीवर लावतात. मी तसे टिपणात लिहिलेही. पुढे काही झाले नाही. त्या गृहस्थांना मी काय उत्तर दिले ते आठवले की अजून संकोच वाटतो. मी म्हटले होते, ‘‘नियम तसा आहे.’’

याच्या उलटही होते. ज्यांच्याकडे स्वतःची विहीर किंवा कूपनलिका आहे त्यांचे पाणी मीटरवर दिसत नाही, सांडपाणी मात्र सगळ्यांच्याच वाहिनीत येते. कारखान्याचे आणि घराचे सांडपाणी लिटरमागे सारखे नसते, हीसुद्धा लक्षात न घेतली जाणारी गोष्ट. पाण्यातली घाण पचवायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो हे २० अंश तापमानाला ५ दिवस ठेवून मोजतात, त्याला बीओडी म्हणतात. ज्याचा बीओडी जास्त, त्याच्या पाण्यावर प्रक्रिया करायला हवा जास्त लागते, म्हणजे वीज जास्त लागते. त्याच्याकडून जादा आकार घेतला नाही तर तो खर्च दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाच्या बिलात जाऊन बसतो. पावसाच्या पाण्याचेही तसेच. जर्मनीतल्या शहरांत सांडपाण्याचा आकार वेगळा आणि पावसाच्या पाण्याचा वेगळा घेतात, आणि दुसरा ठरतो तो तुमच्या आवारात फरशी-काँक्रीटने झाकलेली जमीन किती यावर. मोठे पार्किंग असलेल्या संकुलाला तिथे आपोआप जास्त पडते.

या सगळ्यांवर हरकती घ्या, जरूर घ्या. आपल्याकडे आलेल्या पत्रांत मात्र यातले एकही नाही. सगळ्या पत्रांची मागणी एकच, दर आहे तिथेच ठेवा. आणि हीच मागणी गेली नऊ वर्षे मान्य होत आली आहे.

या नऊपैकी आठ वर्षांचे टिपण मी केले. दरवर्षी थंडीत ते तयार व्हायचे, वर जायचे आणि अंदाजपत्रकाच्या आठवड्यात परत यायचे. शेरा ठरलेला: ‘सध्या दरवाढ नको. पुढील वर्षी सादर करावे.’ एकदा कारण निवडणुकीचे, एकदा पाणीपट्टी नुकतीच वाढवल्याचे, एकदा तर कारणच नव्हते. शेरा आला तरी खर्च थांबत नाही. विजेचे बिल भरावेच लागते, पगार द्यावाच लागतो, बँकेचा हप्ता चुकवता येत नाही. मग जमाखर्चाचा मेळ बसवायला कात्री कुठे लावायची? जिथून कुणी ओरडणार नाही तिथे. घसारा निधीची तरतूद पहिल्या वर्षी निम्मी केली, दुसऱ्या वर्षी पाव, तिसऱ्या वर्षी त्या रकान्यात शून्य आले. ते शून्य मी माझ्या हाताने लिहिले. सांगितले म्हणून लिहिले हे खरे, पण ‘हे लिहिणे योग्य नाही’ अशी एक ओळ फाइलवर टाकणे माझ्या हातात होते. ती मी पाचव्या वर्षी टाकली. पहिल्या वर्षी टाकायला हवी होती.

सहाव्या वर्षी भर रस्त्यात मुख्य मलवाहिनी खचली. तिसऱ्या दिवशी आमचे कनिष्ठ अभियंता वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तुकडा घेऊन लेखा शाखेत आले आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, ‘‘मॅडम, हा तुमचा रकाना.’’ काँक्रीटच्या पाइपचा तुकडा होता तो, हातभर लांब, कमानीसारखा. खालच्या अंगाला चार बोटे जाड, अगदी धडधाकट. वरच्या अंगाकडे जाता जाता जाडी कमी होत गेलेली, आणि टोकाला बोटभरही उरली नव्हती. आतल्या बाजूने खडी उघडी पडलेली, तिच्यामध्ये पांढरट, ओलसर, खडूसारखे काहीतरी. मी नखाने खरवडले तर भुगा निघाला. साबणाने दोनदा हात धुतले तरी नखातला वास दुसऱ्या दिवसापर्यंत गेला नाही.

पाइप खालून झिजत असेल असे मला तोवर वाटत होते, कारण पाणी खालून वाहते. त्यांनी समजावले. मैलापाणी संथ वाहिले की तळाशी बुळबुळीत थर धरतो. त्या थरातले जंतू पाण्यातल्या सल्फेटपासून सल्फाइड करतात, त्याचा वायू होऊन वर जातो आणि पाइपच्या ओल्या छताला चिकटतो. तिथे दुसरे जंतू त्याचे गंधकाम्ल करतात. आम्ल सिमेंट खाते, सिमेंटचे जिप्सम होते, तोच तो खडू. म्हणजे पाइप मरतो तो छताकडून, आणि रस्त्याचा भार असतो तो छतावरच. वरून चालणाऱ्याला काहीच कळत नाही. वेळेत कॅमेरा घालून पाहिले, आतून अस्तर चढवले, उतार आणि वेग नीट राखला तर वाहिनी आणखी कैक वर्षे टिकते. या प्रत्येक कामाला त्या शून्य केलेल्या रकान्यातूनच पैसे मिळाले असते.

त्यानंतर एकोणीस दिवस मैलापाणी डिझेल पंपांनी उचलून तात्पुरत्या नळांतून पलीकडच्या चेंबरमध्ये सोडावे लागले. डिझेलची बिले रोज माझ्याकडे येत. अस्तराच्या कामाचा जुना अंदाज कपाटात होता, तो काढून शेजारी ठेवला. त्या अंदाजात जेवढी लांबी दुरुस्त झाली असती, तिच्या दहाव्या हिश्शाच्याही बदलीला तेवढे पैसे पुरले नाहीत. आणि हे पैसे आले ते कर्जातून. आजच्या प्रस्तावात कर्जाच्या हप्त्याचा जो वाढलेला आकडा दिसतो, त्यात ते एकोणीस दिवस आहेत.

आता हिशेबाचे थोडे. खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतो असे धरा. नऊ वर्षांत तो जवळजवळ ६९ टक्क्यांनी वाढतो. म्हणून नऊ वर्षे थांबून दर लावला की लोकांना एकदम ६९ टक्के वाढ दिसते आणि ते हादरतात. पण मला हादरवते ती दुसरी बेरीज. या नऊ वर्षांत दर वाढत गेला असता तर जी रक्कम आली असती आणि आली नाही, ती पहिल्या वर्षाच्या एकूण वसुलीच्या तिपटीहून जास्त भरते. आज ६९ टक्के वाढ केली तरी ती रक्कम परत येत नाही. वाढीने फक्त आजचा खर्च आजच्या वसुलीतून भागू लागतो. राहून गेलेली ती तीन वर्षांची वसुली जमिनीखाली आहे, कुठे पातळ झालेल्या छतात, कुठे सांध्यांतून आत झिरपणाऱ्या भूजलात, जे पंपाने उपसायचे आणि पैसे देऊन शुद्ध करायचे.

घसाऱ्यातही एक खोट आहे आणि ती मी नोकरीत असताना कुणाला पटवू शकले नाही. घसारा वाहिनीच्या मूळ किमतीवर काढतात. चाळीस वर्षांपूर्वी टाकलेल्या वाहिनीची मूळ किंमत आज हास्यास्पद वाटावी इतकी लहान असते. सगळा घसारा प्रामाणिकपणे बाजूला काढला, तरी त्यातून आज तीच वाहिनी नवी टाकता येत नाही. बदलीच्या आजच्या खर्चाप्रमाणे तरतूद केली पाहिजे. हे लिहिले की वरून विचारणा होते, दर इतका कसा वाढला? उत्तर एवढेच, की पाइप आजच्या भावाने विकत घ्यावा लागतो.

पाणी वाचवणाऱ्यांचीही एक तक्रार आहे, ‘आम्ही वापर कमी केला तरी दर वाढलाच.’ ही तक्रार मनाला लागते, कारण त्यांनी चांगलेच केले. पण या व्यवस्थेचा बहुतेक खर्च स्थिर आहे. वापर कमी झाला म्हणून वाहिनीची लांबी कमी होत नाही, हप्ता कमी होत नाही. कमी लिटरवर तोच खर्च वाटायचा म्हटले की लिटरमागचा आकडा चढतो. म्हणून काही शहरे बिलात ठरावीक रकमेचा भाग वाढवतात. तो फार वाढवला तर एकट्या राहणाऱ्या, बादलीभर पाणी वापरणाऱ्या माणसावर अन्याय होतो. माझ्या मते ठरावीक भाग लहानच ठेवावा आणि ज्यांना भरणे खरोखर जमत नाही त्यांची सवलत सर्वसाधारण निधीतून, वेगळ्या शीर्षाखाली द्यावी. गरिबांच्या नावाने सगळ्यांचाच दर गोठवला की सर्वांत जास्त फायदा होतो सर्वांत जास्त पाणी सोडणाऱ्याचा. नऊ वर्षे तेच झाले.

हे प्रश्न फक्त आमचे नाहीत. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये टेम्स नदीला असा वास सुटला की पार्लमेंटला घाईने कायदा करावा लागला. अभियंता जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी वाहिन्यांसाठी ३० लाख पौंड कर्ज काढायची परवानगी मिळाली, आणि ते फेडायला प्रत्येक घरावर ४० वर्षांसाठी ३ पेन्सांची पट्टी बसली. मला यातले बांधकाम जितके मोठे वाटते तितकीच ती ४० वर्षांची पट्टीही. कर्ज घेतानाच सांगितले, कोण भरणार, किती आणि किती वर्षे. त्यातल्या कितीतरी वाहिन्या आजही वापरात आहेत.

उलटे उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जेफरसन काउंटीचे, म्हणजे बर्मिंगहॅम शहराच्या परिसराचे. मैलापाणी नद्यांत जात होते, म्हणून १९९६ मध्ये न्यायालयापुढे तडजोड होऊन वाहिन्या सुधारणे भाग पडले. त्यासाठी रोखे काढले, मग ते गुंतागुंतीच्या, बदलत्या व्याजाच्या कर्जांत फिरवले, त्यात लाचखोरी झाली आणि अधिकारपदावरची माणसे तुरुंगात गेली. २००८ च्या आर्थिक संकटात सगळे कोसळले. नोव्हेंबर २०११ मध्ये काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली, त्यात मलवाहिन्यांचे कर्ज सुमारे ३ अब्ज डॉलरचे होते. २०१३ मध्ये त्यातून बाहेर पडताना पहिली चार वर्षे दरसाल ७.४१ टक्के आणि पुढे दरसाल ३.४९ टक्के अशी वाढ लोकांच्या माथी आली. ज्यांना आमच्या सभागृहात ‘दर नको, कर्ज काढू’ हा सोपा मार्ग वाटतो, त्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे.

लोकांना विचारायचे कसे, याचाही एक नमुना आहे. कॅलिफोर्नियात १९९६ साली मतदारांनी प्रस्ताव २१८ मंजूर केला. तेव्हापासून मलनिःसारणाचा दर वाढवायचा तर सुनावणीच्या किमान ४५ दिवस आधी मालमत्ताधारकांना टपालाने लेखी सूचना द्यावी लागते, त्यात दर कसा काढला ते सांगावे लागते. निम्म्याहून अधिक जणांनी लेखी विरोध केला तर वाढ होत नाही. वसुली सेवेच्या खर्चापेक्षा जास्त असता कामा नये आणि तो पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. आमच्याकडे सूचना आली ती एका कोपऱ्यात, बारीक टायपात, वाढीचा आकडा आहे पण तो कसा आला याची एक ओळ नाही. सव्वीस वर्षे हेच आकडे मांडलेल्या मला त्या सूचनेवरून दर समजला नाही, तर इतरांना काय समजणार? लोकांना संशय आला तर तो या गप्प बसण्यातून आला आहे.

शेवटी ज्यांच्याविषयी एकाही पत्रात शब्द नाही त्यांच्याविषयी. दुरुस्तीचे पैसे नसतात तेव्हा मशिनचे काम माणूस करतो. चेंबरमध्ये साचणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असेल तेव्हा कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले, दशलक्ष भागांत १०० भागांच्या आसपास गेले, की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. खाली उतरणाऱ्याला वाटते वायू गेला. आमच्या खात्यात वायू मोजण्याची यंत्रे घेण्याचा प्रस्ताव ‘निधीअभावी’ दोनदा मागे ठेवला गेला. त्या दोन वर्षांत कुणाचा जीव गेला नाही, पण एक जण बेशुद्ध अवस्थेत वर काढला गेला. त्याच्या रुग्णालयाच्या बिलाची मंजुरी माझ्याच टेबलावरून गेली. मला त्याचा चेहरा माहीत नाही, सही माहीत आहे, पावतीवर केलेली, थरथरत्या हाताची.

सुनावणी पुढच्या बुधवारी आहे आणि हरकती लेखी घेतल्या जातात. माझी मी लिहून ठेवली आहे. तिच्यात म्हटले आहे की वाढ करावी, पण एकदम न करता चार वर्षांत समान टप्प्यांनी करावी आणि चारही वर्षांचे दर आत्ताच जाहीर करावेत. घसाऱ्याची रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी, म्हणजे सभागृहाला ती शून्य करायची झाली तर उघड ठराव करावा लागेल. किती लांबीच्या वाहिनीत कॅमेरा फिरवला आणि किती लांबीला अस्तर चढवले, हे दरवर्षी बिलाच्या मागच्या बाजूला छापावे. बागेसाठी वेगळा मीटर मागणाऱ्याला तो द्यावा. पेन्सिलीने गोल केलेली बिले घेऊन आलेले ते गृहस्थ हयात असतील आणि हे पत्र वाचत असतील, तर त्यांनीही बुधवारी यावे. त्या दिवशी दिलेले उत्तर मला त्यांच्यासमोर मागे घ्यायचे आहे.

आपल्याला विनंती एकच. प्रस्तावासोबतचे मूळ टिपण सार्वजनिक कागद आहे. ते मागवून सुनावणीच्या आधी जसेच्या तसे छापावे, घसाऱ्याच्या रकान्यासकट.

आपली विश्वासू,
एक वाचक
(मलनिःसारण खात्यातून निवृत्त लेखापाल)